न्हाऊ घालणारे तात्या

परवा शेजारच्या घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. त्याच्या मागोमाग तांब्यानं पाणी ओतल्याचा, आणि मग एका थकलेल्या बाईचा, "अरे थांब ना रे, डोळ्यात जाईल." मी भाजी निवडत होते. हात तसाच राहिला. मला जळोचीच्या तात्यांचा घोगरा आवाज आठवला. "मालक, जरा दमानं."

तात्या गेल्याला आता वर्ष होत आलं.

बारामतीजवळच्या जळोचीत आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. मी शिकवत होते ती शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी कपडे वाळत घालताना, केस विंचरताना गॅलरीतून त्यांचं मागचं अंगण सतत दिसायचं. अंगणात पत्र्याची शेड, शेडखाली चूल, चुलीच्या बाजूला कपडे धुवायचा दगड आणि एक मोठी शहाबादी फरशी. त्या फरशीवर मी माणसाला जितकं दमताना पाहिलं आहे, तितकं पुन्हा कुठं पाहिलं नाही.

तात्या उंच होते, पण पाठीतून वाकलेले. सगळी हयात दुधाचा टँकर चालवण्यात गेली. बारामतीहून इंदापूरला जायचं आणि परत यायचं. निवृत्त झाल्यावरही अंगात खाकी फुलपँट आणि बिनबाह्यांचा बनियन. कुठूनही उठताना आधी मागं वळून बघायचे, मग उठायचे. टँकर मागं घेण्याची ती सवय होती. हॉर्न म्हणे त्यांनी फारसा कधी वाजवला नाही. "फुडच्याला आपुन दिसतोयच की," म्हणायचे. घरातही त्यांचा आवाज कधी चढला नाही. "कसं काय तात्या?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "हां, ढकलतोय."

त्यांच्या बायकोला, मावशींना, मी जेमतेम वर्षभर पाहिलं. तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी पूनम, त्यांची एकुलती एक मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली. आई नसलेल्या माहेरी. सासर निमगाव केतकीचं, डाळिंबाची बाग होती. सासूबाई म्हणाल्या होत्या, इथंच राहा. पण पहिलं बाळंतपण बापाच्या घरी व्हावं असं पूनमला वाटलं, आणि तात्यांनीही नको म्हटलं नाही. डिंकाचे लाडू त्यांनी स्वतः वळले. ते इतके कडक झाले होते की पूनम ते बत्त्यानं फोडून खायची आणि खाताना हसायची. ते हसणं मला आठवतं, कारण पुढं बरेच दिवस ते दिसलं नाही.

मुलगा झाला. नाव ठेवलं विहान. तात्यांच्या जिभेवर ते नाव काही बसलं नाही. टँकरच्या मालकाला ते जसं हाक मारायचे तसं बाळाला म्हणू लागले, मालक. "मालक उठलं का? मालकाचं पोट भरलं का?"

सुरुवातीला अंघोळ घालायला एक बाई यायची. बाळ तिच्या पायांवर पालथं पडलं की गप्प व्हायचं. तिच्या लेकीचे दिवस भरले तशी ती तिच्याकडे कऱ्हाटीला निघून गेली. बाळ तोवर चांगलं चार महिन्यांचं, गुटगुटीत झालं होतं. पूनम म्हणाली, आता मीच घालते. पाय पसरून बसायला तिला जमत नव्हतं, म्हणून तिनं प्लास्टिकचा टब आणला.

त्या सकाळी मी गॅलरीत उशा उन्हात टाकत होते. खालून किंकाळी आली. मी धावत जिना उतरले. साबण लावलेलं बाळ हातातून निसटून टबात पालथं पडलं होतं. पूनमनं क्षणात उचललं होतं, पण नाकातोंडात पाणी गेलं होतं. बाळाचा चेहरा काळपट दिसला. मग त्याला ठसका आला, दूध बाहेर पडलं आणि ते जोरात रडलं. तात्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळलं, रिक्षा केली आणि आम्ही बारामतीत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले, काही झालेलं नाही, घाबरू नका.

बाळाला काही झालं नव्हतं. पूनमला झालं होतं.

तिनं त्या दिवसापासून बाळाला पाण्याजवळ न्यायचं सोडलं. मग मांडीवर घ्यायचं सोडलं. पाजायला घ्यायची तेव्हा तिची नजर भिंतीकडे असायची आणि पाजून झालं की ती हाक मारायची, "तात्या, घ्या ह्याला." मी एकदा म्हटलं, "पूनम, असं होतं गं. माझ्या धाकट्याला मी पलंगावरून पाडलंय." ती म्हणाली, "बाई, तुमच्या हातानं पडला, माझ्या हातानं बुडला."

दोन-तीन दिवस बाळाचं अंग नुसतं पुसून काढलं. मानेच्या वळ्यांत पुरळ उठलं. एका सकाळी तात्यांनी खालून मला हाक मारली. "बाई, याल का जरा? काय करू नका. निस्तं बसा. बगत ऱ्हावा."

मी खाली गेले. चुलीवर पातेल्यात पाणी तापलं होतं. तात्या पाटावर बसले होते, पँट मांड्यांपर्यंत दुमडलेली. गुडघे झिजलेले, पाय सरळ होता होईना. एकेक पाय हातानं ओढून त्यांनी तो लांब केला. बादलीत कोपर बुडवलं, गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं. बाळाला नडग्यांवर निजवलं, वाटीतलं तेल घेतलं आणि तसेच थांबले.

"घेऊ का मी?" मी विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "तुमी उद्या बदली हून जाल. मंग?"

त्या पहिल्या अंघोळीत बाळापेक्षा तात्याच जास्त भिजले. बाळ कमरेतून उचललं जायचं, कुशीवर वळायचं, दोन्ही टाचांनी त्यांच्या पोटावर दणके द्यायचं. डाळीचं पीठ लावलं तर मूठ तोंडात घालायचं. पाणी ओतलं की श्वास रोखायचं, आणि ते रोखायचं म्हणून तात्याही रोखायचे. शेवटी टॉवेलात गुंडाळून त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं आणि पाटावर तसेच बसून राहिले. उठता येत नव्हतं. मी हात पुढं केला तर म्हणाले, "जरा ऱ्हाऊ द्या. इंजन गार होऊ द्या."

मग ते रोजचं झालं. हळूहळू त्यांना ते जमायला लागलं. कसं जमलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "भरल्या टँकरचं काय वाटत न्हाय, बाई. रिकाम्याचं तर न्हायच न्हाय. अर्धी टाकी लई वाईट. आत दूध झोकं घेतं, अन् गाडीला वडून नेतं. तवा स्टेरिंग आवळून धरलं की गेला. थोडं त्याच्या मनानं जाऊ द्यायचं, अन् मंग आपल्या मनानं वळवायचं. ह्येच्या पोटात सदा अर्धं दूध असतंय." आणि खरंच, बाळ वळलं की ते त्याला दाबून सरळ करत नसत. कुशीवर वळलं तर कुशीची बाजू धुवायचे. पालथं झालं तर पाठ. उभं राहायला बघायला लागलं, तेव्हा एका हातानं काखेत धरून उभ्यानंच पाणी घालायचे.

अंघोळ घालताना ते रस्त्यावरची गावं म्हणायचे. डोक्यावर पाणी पडलं की, "ही बारामती." मग कानामागं काटेवाडी, गळ्याच्या वळ्यांत भवानीनगर, पोटावर सणसर, मांडीला लासुर्णे. "आलं बगा निमगाव, हितं मालकाचा आज्जा ऱ्हातो," म्हणत घोटे चोळायचे. पायाच्या बोटांना इंदापूर. बोटं मोजून झाली की बाळाला कळायचं की आता संपलं, आणि ते हात वर करायचं. पूनम त्या वेळी आतल्या खोलीत दार लोटून बसलेली असायची. दाराची फट मात्र रोज थोडी उघडी असायची. हे तात्यांनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

चहाच्या टपरीवर तात्यांची चेष्टा व्हायची. एकदा मी भाजी घेऊन येत होते तेव्हा त्यांच्याच वयाचा एक जण म्हणाला, "काय तात्या, बाळंतिणीचा विडा खाल्लाव का आज?" बाकीचे हसले. तात्यांनी बशीतला चहा संपवला, मागं वळून पाहिलं, उठले आणि म्हणाले, "खातो की. करून आना." तेवढंच. माझ्याबरोबर चालत घरी आले. फाटकाशी आल्यावर कडीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, कटाळलो बगा. सैपाक, धुनं, पोराचं, पोरीचं. कवा कवा वाटतं, कुनीतरी मलाच पाटावर बसवावं अन् दोन तांबे ऊन पानी घालावं." मग कडी काढून आत गेले, कारण बाळ रडत होतं.

पूनमला मनाच्या डॉक्टरांकडे त्यांनीच नेलं. नातेवाईक म्हणत होते, कुणाची तरी नजर लागली असेल, उतारा टाका. तात्यांनी वाद घातला नाही. एका सोमवारी बाळाला खांद्यावर टाकलं, पूनमला म्हणाले, "चल, मला गुडघा दावायचाय, संगं ये." दवाखान्यात पोचल्यावर तिला खरं सांगितलं. "गुडघ्याचं खोटं हुतं. तुजं दावायचंय. आत जायाचं का न्हाय ते तू ठरव. न्हाय म्हनलीस तर माघारी जाऊ." ती बराच वेळ बाकावर बसली आणि मग आत गेली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळ लागेल, तिच्यावर जबरदस्ती करू नका. तात्यांनी ते वाक्य मला दोनदा सांगितलं. जणू स्वतःलाच बजावत होते.

वेळ लागतच होता. तेवढ्यात जावई आला.

महेश तसा भला मुलगा होता, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "मामा, आई म्हणतीय, विहानला निमगावला घेऊन ये. पूनमला हितंच राहू दे. बरी झाली की येईल."

मी दुधाची पिशवी द्यायला खाली आले होते, ती दारातच थांबले. आतून पूनमचा आवाज आला. "न्या त्याला. माझ्याजवळ नकोच."

तात्यांचा चेहरा त्या क्षणी एकदम म्हातारा दिसला. म्हणाले, "न्या की. तुमचंच हाय. पर त्याच्या अंगुळीचा टाइम झालाय. न्हाऊ घाला अन् न्या."

"मी?"

"मंग? तितं कोन घालनार? तुमच्या आईचं कंबरडं तर गेलंय म्हनं."

महेश शर्टाच्या बाह्या वर करून पाटावर बसला. बाळ तेव्हा आठ महिन्यांचं असेल, तेलानं माखलेलं. पहिल्या तांब्यालाच ते सटकलं आणि रांगत चुलीकडे निघालं. महेशनं पाय धरला, पाय निसटला. तात्यांनी वाटेत पाय आडवा घातला. दुसऱ्या खेपेला बाळानं तांब्याच ओढून महेशच्या डोक्यावर उलटा केला. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी बाळाला घट्ट धरून ठेवलं, तर बाळ असं काही किंचाळलं की वरच्या मजल्यावरून माझा नवरा डोकावला. तात्या बाजूला भिंतीला टेकून उभे होते. सांगत काहीच नव्हते. कशीबशी अंघोळ झाली. महेश ओल्याचिंब शर्टात बसला होता. बाळ टॉवेलात त्याच्या छातीशी हुंदके देत होतं.

"मामा," तो म्हणाला, "रोज तुम्हीच?"

"रोज."

"आणि ती?"

तात्या त्याच्या शेजारी फरशीवर बसले. बसायला त्यांना बराच वेळ लागला. "पाव्हनं, तिला ह्येचं भ्या वाटत न्हाय. ह्येला आपल्या हातनं काय हुईल, त्येचं वाटतंय. ज्येची माया न्हाय त्येचं कुनी भ्या घेतं का? दाराची फट बगा. ती रोज तितं असती. ह्येला नेलंत तर ती फट बंद हुईल. मंग माज्यानं न्हाय उघडायची. तेवढं अंगात ऱ्हायलं न्हाय."

महेशनं दाराकडे पाहिलं. त्या दिवशी तो एकटाच परत गेला. आईला काय सांगितलं कोण जाणे. पण त्यानंतर दर शनिवारी यायचा, रविवारची अंघोळ घालायचा, आणि दर रविवारी त्याचा शर्ट दोरीवर वाळत असायचा.

एका सकाळी, थंडी नुकती सुरू झाली होती, मी गॅलरीत होते. तात्यांनी बाळाला साबण लावला होता. एकदम त्यांनी डोळे मिटले आणि ओठ आवळले. मांडीत पेटका आला होता. बाळ पायांवरून घसरायला लागलं. त्यांनी एका हातानं त्याला काखेत धरलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःची मांडी. मी जिन्याकडे धावले.

"पूनम," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खाली होता. "पूनम, धर गं ह्येला."

दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी होती. "तात्या, बाईंना बोलवा."

"पाय वळलाय. सुटतंय हातनं. धर."

मी जिन्याच्या निम्म्यात होते. चार पायऱ्या उतरले असते तर मीच धरलं असतं. पण पूनम हलली, आणि मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. ती पळत आली. ओल्या फरशीवर बसकण मारली आणि साबणासकट बाळाला उचलून घेतलं. बाळानं तिच्या केसांत मूठ घातली, गाऊनवर पाय रोवले आणि उभं राहायला बघू लागलं. ती रडत होती आणि त्याला धरत होती, ते निसटत होतं आणि ती पुन्हा धरत होती.

"लई वळवळतंय हे," ती म्हणाली.

"व्हय," तात्या मांडी दाबत म्हणाले. "रोजच वळवळतंय."

पाणी तात्यांनीच ओतलं, बसल्या जागेवरून. धरलं मात्र तिनं. दुसऱ्या दिवशी तिनं धरलं नाही, नुसता तांब्या घेऊन शेजारी बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मग पुन्हा आली. काही दिवस तात्या आणि ती दोघं मिळून घालायचे. आणि मग एक दिवस मी खाली पाहिलं तर पाटावर पूनम होती आणि तात्या शेडच्या खांबाला टेकून चहा पीत होते. सकाळी त्या वेळी त्यांच्या हातात चहा मी पहिल्यांदाच पाहिला.

मी त्यांना नंतर एकदा विचारलं होतं, "तात्या, खरं सांगा, तो पेटका खरा होता की तुम्ही मुद्दाम केलंत?"

ते कसनुसं हसले. "नाटक कराया अंगात ताकद लागती, बाई. ती कुठं ऱ्हायलीया?"

उन्हाळ्यात पूनम सासरी गेली. महेशनं गाडी आणली होती. सामान भरताना ती मधेच मागच्या अंगणात गेली आणि तात्यांच्या गळ्यात पडून रडली. तात्या तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "जा आता. मला जरा पडू दे." लोकांना ते तुटक वाटलं असेल. तिला वाटलं नाही. रडता रडता ती हसली, लाडू फोडताना हसायची तशी.

पुढं माझी इंदापूर तालुक्यात बदली झाली. तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते इंदापूरच्या स्टँडवर, चारेक वर्षांनी. दुपारची वेळ होती. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. पूनमच्या इंदापुरातल्या नव्या घरी नातवाला भेटून आता बारामतीला परत निघाले होते. पाठ आणखी वाकली होती. पूनम बरी होती, बाग बघायची, दुसऱ्यांदा दिवस गेले होते.

"अन् मालक?" मी विचारलं.

"मालक आता सवता न्हातो," ते म्हणाले. "आज म्हनलं, चल, घालतो तुला अंगूळ. तर मला म्हनला, आज्या, तू भाईर बस. कडी लावून घेतली. आतनं निस्ता पान्याचा आवाज. अर्धा घंटा." ते हसले. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर त्यांनी पिशवीचे बंद हाताला गुंडाळले, डोकं मागच्या भिंतीला टेकवलं आणि पूनमच्या नव्या घराबद्दल काहीतरी सांगायला लागले. वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी पाहिलं तर ते झोपले होते.

इतकी वर्षं मी त्यांना दिवसाउजेडी झोपलेलं पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, हात सैल पडलेले. बारामतीची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला, माणसं चढली. मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला आणि मागं घेतला. गाडी भरली आणि निघून गेली.

दुसरी येणारच होती. मी तिथंच बसून राहिले.